दर पाच मिनिटांनी लागणारी धाप

खराडीच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. त्यावर सर्व्हरला उत्तर द्यायला किती वेळ लागतो याचा आलेख दिवसभर सरकत असतो. काही वर्षांपूर्वी त्या आलेखाला दात फुटले होते. एरवी चार-पाच मिलिसेकंदांत मिळणारं उत्तर दर पाच मिनिटांनी दोन-दोन सेकंद अडकायचं. अर्धा मिनिट धाप, मग पुन्हा शांत. सरासरी काढली की सगळं आलबेल दिसे. पण फोन करून ओरडणारा ग्राहक सरासरीला ओळखत नाही, त्याची गाठ नेमकी त्या अर्ध्या मिनिटाशी पडलेली असते.

हे दुखणं समजायला मला वडिलांचं रविवार पेठेतलं दुकान उपयोगी पडलं. तिथे दिवाणजी दोन वह्या ठेवत. एक रोजकीर्द, दुसरी खातेवही. गिऱ्हाईक समोर उभं असताना नोंद व्हायची ती रोजकीर्दीत, एकाखाली एक, पान न उलटता. त्या नोंदी ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचं काम, म्हणजे खतावणी, मागाहून सवडीनं. कुठवर चढवलं तिथे दिवाणजी लाल पेन्सिलीनं खूण करत. खातेवहीवर चहा सांडला तरी कोणी घाबरत नसे. आधीची प्रत काढायची आणि खुणेपासून पुढची कीर्द पुन्हा चढवायची.

डेटाबेस हुबेहूब हेच करतो. तुम्ही पैसे पाठवता तेव्हा तो बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे कीर्दीत, जातो. लॉग डिस्कवर पक्का उतरला की तुम्हाला ‘झालं’ असं कळतं. तुमच्या खात्याचं पान तेवढ्यात फक्त मेमरीत बदललेलं असतं, डिस्कवर अजून जुनंच. अशा पानाला आमच्या धंद्यात ‘डर्टी पेज’ म्हणतात. ती पानं डिस्कवर उतरवून लाल खूण पुढे सरकवणं म्हणजे चेकपॉइंट.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर सुई सरकण्याचा वेळ. विखुरलेल्या जागी लिहायचं तर सेकंदाला शंभरेक पानांच्या पुढे गाडी जात नाही. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक पान ८ किलोबाइटचं. १ जीबी मळकी पानं साचली की ती झाली १,३१,०७२. वाईट विखुरलेली असतील तर वीस मिनिटांहून जास्त काम. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीवर हा आकडा कितीतरी खाली येतो, पण रांग लागायची ती तिथेही लागते.

आळस इथे फायद्याचा आहे. एखाद्या खात्याचं पान पाच मिनिटांत दोनशे वेळा बदललं, तरी डिस्कवर एकदाच उतरवलं की भागतं. पण फार लांबवलं, तर वीज गेल्यावर खुणेपासूनची सगळी कीर्द वाचत बसावं लागतं आणि तोवर दुकान बंद. म्हणून पोस्टग्रेस मुळात दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट घेतो. लॉग फार वाढला तर आधीच.

जुन्या काळी चेकपॉइंटची वेळ झाली की सगळी पानं एकदम बाहेर ढकलली जात. २००८ साली आलेल्या ८.३ आवृत्तीनं यात शहाणपण आणलं. काम दोन चेकपॉइंटांमधल्या निम्म्या वेळात पसरायचं. लिहिणारा प्रोसेस आपण घड्याळाच्या पुढे आहोत का हे बघतो, शिवाय लॉग किती वाढला तेही बघतो. पुढे असेल तर शंभर मिलिसेकंदांची डुलकी काढतो आणि मग पुन्हा कामाला लागतो. २०२१च्या १४व्या आवृत्तीत ‘निम्म्या’चं ‘नव्वद टक्के’ झालं.

पुणेकराला हे वेगळं समजवायला नको. पानशेत, वरसगाव, टेमघर भरत आले की वरून पाणी येणारच. प्रश्न असतो खडकवासल्यातून ते कोणत्या हिशेबानं सोडायचं याचा. बेताचा विसर्ग दोन दिवस चालला तर फार तर नदीपात्रातला रस्ता बंद होतो, फार काही बिघडत नाही. २५ जुलै २०२४ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. त्यात खडकवासला पडला लहान. चारही धरणांची क्षमता मिळून २९ टीएमसी, त्यात याचा वाटा जेमतेम दोन. त्याच्या पोटात फार काही थोपवून धरता येत नाही.

आमची अडचण मात्र उलटी होती. आमचा पोस्टग्रेस पानं संथपणे सोडत होता, पण खालचं धरण प्रचंड होतं आणि ते दार लावून बसलं होतं. ते धरण म्हणजे लिनक्स, डेटाबेस आणि डिस्क यांच्यामधली ऑपरेटिंग सिस्टीम. डेटाबेसनं ‘लिहिलं’ म्हटलं तरी पान डिस्कवर जातंच असं नाही, लिनक्स ते आपल्या मेमरीत ठेवून घेतो. साधारणपणे ३० सेकंद जुनं झालं किंवा मेमरीचा ठरावीक हिस्सा भरला, तरच खाली सोडतो. चेकपॉइंटच्या शेवटी डेटाबेस ‘एफसिंक’ म्हणून हाक मारतो. अर्थ असा, की आता खरंच डिस्कवर उतरव, तोवर मी थांबतो. ज्या फाइलचं जे काही साचलंय ते सगळं तेव्हा एकदम सुटतं. ‘झालं’ म्हणण्याआधी उतरवायचा लॉगही बिचारा त्याच डिस्कच्या रांगेत, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत. स्क्रीनवरचे दात हेच होते. मी मात्र आठवडाभर डेटाबेसच्याच सेटिंगा पिळत बसलो होतो.

उपाय ९.६ आवृत्तीत तयार होता. पोस्टग्रेस आता दर २५६ किलोबाइट लिहून झाले की लिनक्सला हळूच ढोसतो, हे सोड खाली. शिवाय चेकपॉइंटची पानं फाइल आणि जागेनुसार आधी लावून घेतो. दिवाणजीही खतावणीआधी नोंदी खात्यांच्या क्रमानं लावत. तेव्हा मला ती निव्वळ शिस्त वाटे, पण पानं मागेपुढे उलटण्याचा वेळ त्यातच वाचत होता.

आणखी एक खोच. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते सबंध पान लॉगमध्ये टाकतो. पान अर्धवट लिहून झालेलं असताना वीज गेली तर नुसत्या नोंदीवरून ते दुरुस्त होत नाही. म्हणजे वरचेवर चेकपॉइंट घेतले की लॉगच फुगतो, आणि फुगलेला लॉग पुढचा चेकपॉइंट ओढवून आणतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधल्या इनोडीबीनं, म्हणजे पानं साठवणाऱ्या भागानं, दुसरी वाट धरली: पानं आधी एका वेगळ्या जागी उतरवायची, मग मूळ जागी. खर्च कोणालाच चुकलेला नाही.

आम्ही आवृत्ती बदलली, चेकपॉइंट पंधरा मिनिटांवर नेला आणि काम नव्वद टक्के वेळात पसरलं. क्रॅश झाला तर उठायला उशीर होईल, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवलं. रात्री सर्व्हरच्या कामाची नोंद उघडली तर चेकपॉइंटची पानं लिहायला लागलेला वेळ ८०९ सेकंद, एफसिंकला एक सेकंदसुद्धा नाही. आलेख सपाट. रात्रपाळीचा पोरगा उठून स्क्रीनची वायर हलवून बघत होता.