दोन बरोबर की तीन? जावास्क्रिप्टमधल्या तुलनेची पार्श्वभूमी

वेब शिकायला बसलेल्याला ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं इफ-एल्स (अट खरी असेल तर हे, नाहीतर ते) पटकन कळतं. गाडी अडते ती कंसातल्या तुलनेशी: तिथे दोन बरोबर-चिन्हं (==) द्यायची की तीन (===)?

अटी वेबच्या कितीतरी आधीच्या. १९५७ च्या फोरट्रान भाषेमध्ये इफ होतं. एका चिन्हाने व्हेरिएबलला किंमत द्यायची आणि दोन चिन्हांनी तुलना करायची, ही वाटणी सी भाषेने रूढ केली. जावास्क्रिप्टने ती तशीच उचलली.

खरा गुंता १९९५ चा. मे महिन्यात दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा राहिला. ती बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्याच सुरुवातीच्या वापरकर्त्यांना आकडा ४०४ आणि स्ट्रिंग (अक्षरांची माळ, म्हणजे मजकूर) "४०४" यांची तुलना थेट करता यायला हवी होती. भाषेच्या निर्मात्याने ते मान्य केलं: == तुलनेआधी टाइप (आकडा की मजकूर, हा प्रकार) स्वतःच बदलून घेऊ लागलं. पुढे जाहीरपणे त्याची खंतही व्यक्त केली. फॉर्मच्या रकान्यात टाइप केलेलं सगळं स्ट्रिंग म्हणूनच हाती येतं, त्यामुळे सोय मोठी वाटली. पण == च्या हिशेबात रिकामी स्ट्रिंग शून्याबरोबर, "०" ही स्ट्रिंगही शून्याबरोबर, आणि त्या दोन स्ट्रिंग मात्र एकमेकींबरोबर नाहीत! नवशिक्याने यातून काय नियम काढायचा?

१९९७ मध्ये दुरुस्तीची संधी आली होती. नेटस्केपच्या नॅव्हिगेटर ४ या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट टॅगवर (पानात कोड घालायच्या खुणेवर) भाषेची १.२ ही आवृत्ती लिहिली, की == टाइप बदलणं थांबवत असे. त्याच वर्षी ठरलेल्या भाषेच्या पहिल्या प्रमाणात (अधिकृत नियमावलीत) मात्र जुनंच वर्तन राहिलं आणि १.३ मध्ये ब्राउझरनेही माघार घेतली. चालू पानं मोडतील ही भीती खोटी नव्हती. तरीही तेव्हाची पानं आजच्या तुलनेत मूठभर होती. तो त्रास तेव्हाच सोसायला हवा होता. त्याऐवजी १९९९ च्या तिसऱ्या प्रमाणात टाइप न बदलता तुलना करणारं === आलं आणि दोन्ही कायमची राहिली. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेने हे धाडस उशिरा का होईना केलं: २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून शून्य आणि एखादा शब्द यांची == ने केलेली तुलना खोटी ठरते.

आज कोड तपासणारी साधनं == दिसलं की हटकतात, आणि ते योग्यच. पण === फक्त समानतेपुरतं. दोन स्ट्रिंगमध्ये "९" आजही "१०" पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना अक्षरांची होते. म्हणून स्ट्रिंगचा आकडा करणारं नंबर() वापरावं, तर रिकाम्या रकान्याचं ते शून्य करतं. वय न भरलेल्या माणसाला "१८ पेक्षा कमी" ही अट बिनदिक्कत अल्पवयीन ठरवते; रकाना रिकामा आहे का, हे त्याआधीच्या इफमध्ये पाहावं लागतं.