जपानी चिपउद्योग: १९७६ च्या प्रकल्पाचं श्रेय नेमकं किती?

कुमामोतो आणि होक्काइदोमधल्या नव्या चिप कारखान्यांवर जपान सरकार पैसा ओतू लागल्यापासून सरकार आणि कंपन्यांनी मिळून राबवलेल्या १९७६ च्या संयुक्त चिप-संशोधन प्रकल्पाचा दाखला ऊठसूट दिला जातोय: त्यानेच जपानला मेमरी चिपमध्ये पुढे नेलं, असं म्हणतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. टोकियोतल्या एका छोट्या कंपनीने २५ हजार डॉलर मोजून अमेरिकेतून ट्रान्झिस्टरचा परवाना मिळवला, तेव्हा परकीय चलन सोडताना व्यापार-उद्योग मंत्रालयाने बरेच आढेवेढे घेतले होते. १९५५ मध्ये तिचा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. पुढे रेडिओची निर्यात फोफावली. कारखान्यांत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसाएवढ्या तारा जोडत होत्या त्या खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली. यशोगाथांत त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. साठच्या दशकाअखेरीस कॅल्क्युलेटरने इंटिग्रेटेड सर्किटना, म्हणजे चिपना, गिऱ्हाईक मिळवून दिलं.

सत्तरीत अमेरिकी दबावाखाली आयात खुली करावी लागली, त्यात अमेरिकेतला सर्वांत मोठा संगणक उत्पादक पुढच्या पिढीच्या यंत्रावर काम करतोय ही बातमी आली. घाबरलेल्या मंत्रालयाने १९७६ मध्ये पाच कंपन्यांना एकत्र आणलं, तोच हा प्रकल्प. चार वर्षं, साधारण ७० अब्ज येन, त्यातले ३० अब्जांच्या आसपास सरकारचे. तेही नफा झाला तर परत करायच्या अटीवर. एरवी एकमेकींची तोंडं न पाहणाऱ्या कंपन्यांचे शंभरेक संशोधक कावासाकीत एका छताखाली बसले.

पण इथेच गफलत होते. या प्रयोगशाळेत मेमरी चिप बनली नाही. इलेक्ट्रॉन किरणांनी नक्षी कोरणं, जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती तापल्यावर वाकते का, असे सगळ्यांना सारखेच नडणारे प्रश्न तिथे सोडवले गेले. चिपची रचना ज्याने त्याने आपापल्या घरी केली. शिवाय सरकारी टेलिफोन मंडळाचा स्वतंत्र कार्यक्रम समांतर चालू होता, तो हिशेबात कोणी धरत नाही. माझ्या मते खरी कमाई यंत्रसामग्रीत झाली: भिंगं बनवणारे देशी कारखाने चकतीवर नक्षी छापणारी स्टेपर यंत्रं बनवू लागले.

१९८० मध्ये एका अमेरिकी ग्राहक कंपनीने १६के (सुमारे १६ हजार बिट साठवणाऱ्या) मेमरी चिप तपासल्या, तेव्हा जपानी माल अमेरिकी मालापेक्षा खूपच कमी सदोष निघाला. ६४के मेमरीत तर जपानने निम्म्याहून जास्त बाजार घेतला. मग अमेरिकी उत्पादकांनी याच प्रकल्पाकडे बोट दाखवून अन्यायाची ओरड केली. १९८६ मध्ये दोन्ही देशांत चिपच्या व्यापाराचा करार झाला, पुढच्या वर्षी ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर अमेरिकेत १०० टक्के आयात शुल्क बसलं. आणि त्याच १९८७ मध्ये अमेरिकेने आपल्या चौदा कंपन्यांची संयुक्त चिप-संशोधन संस्था उभी केली, सरकारी पैशाची जोड देऊन.