धबधब्याच्या पाठीमागचा लाल थर

जुलै-ऑगस्टात पोलादपुरातून महाबळेश्वरच्या दिशेने मान वर करून पाहिलं की ढग जरा फाटतात तेवढ्या वेळात कड्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. मोजायच्या भानगडीत पडू नये, पावसाचा जोर वाढला की त्याही वाढतात. पण एखादी रेघ नीट न्याहाळावी. ती वरपासून खालपर्यंत अखंड नसते. पाणी कोसळतं, एका सपाटीवर येऊन दिसेनासं होतं, थोड्या अंतरावर पुन्हा कोसळतं. शेजारची रेघही बहुतेकदा त्याच उंचीला थबकते. पाण्याने आपल्या मर्जीने टप्पे पाडले असते तर ते असे एका ओळीत आले नसते. टप्पे दगडाचे आहेत, पाणी फक्त ते दाखवून देतं.

सह्याद्री ज्वालामुखीच्या दगडाचा आहे म्हटलं की लोक शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याचं तोंड शोधायला लागतात. तसं इथे काही नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा निघून पसरला, थंड झाला, आणि काही काळाने त्यावर पुढचा लोट आला. यातला बहुतेक लाव्हा सुमारे 10 लाख वर्षांत बाहेर पडला. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. भेगांमध्येच गोठून राहिलेल्या लाव्हाच्या उभ्या पट्ट्या मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर आहेत. लोक त्यांवर उभे राहून किल्ल्याचे फोटो काढतात. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना इथल्याच गावांची नावं दिली आहेत: जव्हार, नेरळ, ठाकूरवाडी, पोलादपूर, आंबेनळी. त्यातही गंमत अशी की खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी आणि त्यावर महाबळेश्वर हा थरांचा क्रम आहे. एसटी घाट चढते तो क्रमही हाच.

आता एकच थर घेऊ. लाव्हा वाहत असताना त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग गोठला की तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा घावनाला जाळी पडावी तसा भोकाभोकांचा असतो. पुढे या भोकांत गरम पाण्यातली खनिजं साचून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार झाले. थराचा मधला भाग मात्र सावकाश थंड होतो. तो घट्ट, काळा आणि जड. थंड होताना तो आकसतो, त्यामुळे त्याला उभ्या भेगा जातात. कधी त्या इतक्या नेटक्या असतात की कडा पाचकोनी-षटकोनी खांबांचा वाटतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी अशाच खांबांची आहे, इमारतींच्या गर्दीत सापडली तर बघावी.

दोन लोटांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराच्या माथ्यावर माती व्हायला सुरुवात झालेली असते. मग वरून नवा तापलेला लाव्हा येतो आणि ती माती भाजून निघते. हाच घाटरस्त्याच्या कापात दिसणारा विटकरी पट्टा. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाड. ओला असताना बोट फिरवलं तर बोट लाल होतं, नखाने उकरला तर भुगा निघतो. माझ्या मते कोकणातल्या धबधब्यांचा खरा कर्ता हा पट्टा आहे.

कारण असं. पाणी वरच्या घट्ट काळ्या दगडावरून पडतं. त्या दगडाचं पाण्याने फारसं बिघडत नाही. पण खाली आपटून उडालेले तुषार मागच्या लाल थरावर चार महिने अखंड बसत राहतात. तो भिजतो, सुटतो, खोबण पडते. खोबण खोल गेली की वरच्या दगडाला आधार उरत नाही आणि उभ्या भेगांपाशी त्याचा तुकडा सुटून खाली येतो. कडा पुन्हा सरळ उभा, धबधबा तेवढ्यापुरता मागे. मऊ थर खाली नसता तर पाण्याने कडा घासून उतार केला असता आणि आपण तिथे नुसता खळाळता पऱ्या पाहिला असता. वर कठीण छप्पर आणि खाली पोकळी ही सह्याद्रीतल्या घळींची नेहमीची रचना आहे. महाडजवळच्या शिवथरघळीत, जिथे समर्थ रामदास राहिले असं मानतात, घळीच्या तोंडाशीच धबधबा कोसळतो.

लाल थराचं आणखी एक काम आहे. तो चिकणमातीचा असल्याने पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. वरच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि कड्याच्या बाजूने झऱ्यासारखं बाहेर येतं. मार्चमध्ये सगळं करपलेलं असताना कड्यावर एखादी हिरवी आडवी पट्टी दिसते ती याच ओलीची.

मागे सरकण्याचा हिशेब केला की धबधबा ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळतं. जुन्या महाबळेश्वराच्या देवळात कृष्णा आणि सावित्री एकाच गोमुखातून निघतात असं मानतात. कृष्णा तिथून पूर्वेला वळते आणि सुमारे 1400 किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत जेमतेम 65 किलोमीटर. सावित्री तीच उंची शंभरेक किलोमीटरात उतरते, आणि त्यातली बहुतेक तर पहिल्या काही किलोमीटरांतच. साहजिकच कोकणाकडची बाजू जास्त झिजते आणि कडा पूर्वेकडे सरकतो. हा कडा एके काळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला, किनाऱ्याकडे होता असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपली भातशेती, आमराया आणि खाड्या ज्या पट्टीवर आहेत ती देश कुरतडून मिळालेली आहे. घाटावरच्या पाहुण्यांना हे जरूर ऐकवावं.

दक्षिणेला आंबोलीत कावळेसादच्या कड्यावर पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं, त्याची मात्र फुकटची गूढकथा झाली आहे. स्थिर हवेत 1 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण 4 मीटर वेगाने पडतो, मोठ्यात मोठा थेंब 9 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 32-33 किलोमीटर. समुद्रावरून आलेला पावसाळी वारा कड्यावर आदळतो आणि दरीच्या अरुंद तोंडातून वर चढताना याहून सहज जोरात वाहतो. पाण्याची धार बारीक असेल तर ती फुटून थेंब होते आणि थेंब वाऱ्याबरोबर वर जातात. धार जाड झाली की खेळ संपला.

ताम्हिणीच्या पायथ्याशी भिऱ्याजवळ देवकुंड आहे. पावसाळ्यात तिथे जायला प्रशासन अनेकदा बंदी घालतं आणि लोक त्यावर चिडतात. मला बंदी पटते. धबधब्याखालचं पांढरं पाणी हवेने भरलेलं असतं, त्याची घनता कमी, म्हणून चांगला पोहणाराही त्यात तरंगत नाही. शिवाय खाली गेलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा धारेखालीच ओढतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे वाटेतला ओढा. वरच्या कातळावर माती पातळ, उतार उभा. तिथे सर कोसळली की पाणी मुरायला जागाच नसते. खाली ऊन पडलेलं असतानाही अर्ध्या-पाऊण तासात लोंढा येऊ शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या की फोटो सोडून आधी बाजूला चढावं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे मघाशी सहज ओलांडलेलं गुडघाभर पाणी परतताना माणूस आडवा करतं. वाटेवरच्या वाडीतलं कुणी ‘घाटावर काळं झालंय, आता जाऊ नका’ म्हणालं तर हवामानाचं ॲप उघडून वाद घालू नये.

पाणी आटल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, त्याच धबधब्याला पुन्हा जा असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. पण दगड वाचायचा तर तेव्हाच. कड्याच्या पोटातला लाल पट्टा, त्यातली खोबण, वरच्या छपरातल्या उभ्या भेगा, सगळं उघडं असतं. खाली पडलेल्या धोंड्यांत ज्याच्या कडा अजून धारदार आहेत तो अलीकडचा. जुने पाण्याने गुळगुळीत केलेले असतात. धारदार धोंडा सापडला की वर पाहून त्याची रिकामी जागा शोधावी. ती ताज्या काळ्या रंगाची असते, आजूबाजूला शेवाळाचे डाग असतात, तिथे नसतात. मात्र हे सगळं जरा लांब उभं राहून करावं. पुढचा नंबर कोणत्या दगडाचा आहे तेही त्या भेगांमध्ये दिसतं.