गोळी ‘उष्ण पडते’ म्हणजे काय?

फिटची गोळी सुरू केल्यावर तोंड सोललं, डोळे लाल झाले, अंगावर फोड आले की घरचं निदान ठरलेलं: ‘गोळी उष्ण पडली, सब्जा द्या.’ उष्णतेचा इथे संबंध नाही; ही औषधाची घातक रिअ‍ॅक्शन असू शकते, आणि तिचा संबंध जनुकांशी आहे. कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने कातडी सोलवटलेल्या ४४ तैवानी रुग्णांचा अभ्यास २००४ साली छापून आला. ४४ही जणांत एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार निघाला. तीच गोळी त्रासाविना सोसलेल्या १०१ जणांत फक्त तिघांत. हा जनुकप्रकार रक्ततपासणीत कळतो. असलेल्या बहुतेकांना काही होत नाही, पण नसला म्हणजे निर्धास्त असंही नाही. गाउटच्या (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजण्याच्या) अ‍ॅलोप्युरिनॉल गोळीनेही असंच होतं, पण तिचा जनुकप्रकार वेगळा, एचएलए-बी ५८:०१. सब्जा बिचारा निरुपद्रवी, त्यात गेलेले दोन दिवस मात्र जिवावर बेततात. तोंडात फोड दिसताच, पुढची गोळी घेण्याआधी, दवाखाना गाठा.