मळलेला फिल्टर जास्त चांगला गाळतो

एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या 14.7 पट हवा लागते, म्हणजे साधारण 11 किलो. अकोल्या-चंद्रपूरच्या 45 अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, तेव्हा एवढ्या वजनासाठी इंजिनला 10 हजार लिटरच्या आसपास हवा ओढावी लागते. दोनशे लिटरचे पन्नास ड्रम, एका लिटर पेट्रोलमागे. आणि आपली गाडी ती ओढते कुठून? पांदण रस्त्याने पुढे चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागून. तिथली धूळ इंजिनात जाऊ न देणं हे एअर फिल्टरचं काम.

आपल्याकडचा फुफाटा सगळीकडे सारखा नाही. पश्चिम विदर्भात बेसाल्टच्या झिजेतून झालेली कपाशीची काळी माती, वाळली की पिठासारखी उडणारी. भंडारा-गडचिरोलीकडे खडक फार जुने, रेतीत क्वार्ट्झ भरपूर. वणी-बल्लारपूर भागात त्यात कोळशाची भुकटी मिसळते. ऑक्टोबरात हडंबे (मळणीयंत्रं) सुरू झाले की सोयाबीनचं कुटार, आणि जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू.

यात इंजिनाचा खरा वैरी क्वार्ट्झ. मोह्सच्या 1 ते 10 च्या काठिण्यमापनात तो 7 वर येतो. काचेवर सहज ओरखडा काढतो. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, एवढीच. त्याच मापाचा कण तिथे शिरला की दोन्ही बाजू घासत राहतो. क्वार्ट्झ हे सिलिकॉनचंच संयुग, म्हणून वापरलेल्या इंजिन ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करतात तेव्हा सिलिकॉनचं प्रमाण आवर्जून पाहतात. ते वाढलेलं दिसलं की धूळ आत जात असल्याची पहिली शंका घेतात.

आता फिल्टर. घड्या घातलेला कागद पाहून आपल्याला तो पिठाच्या चाळणीसारखा वाटतो: भोकापेक्षा मोठं ते वर, लहान ते खाली. पण कागदाच्या तंतूंमधल्या फटी अनेक कणांपेक्षा मोठ्या असतात आणि तरीही कण अडकतात. हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला तेवढं पटकन वळता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आपटतो आणि चिकटतो. मधल्या मापाचे कण वळतात, पण जाता जाता तंतूला घासून अडकतात. अगदी बारीक कणांना हवेचे रेणूच इकडेतिकडे ढकलतात आणि ते भरकटत तंतूवर येऊन पडतात. जुन्या ट्रॅक्टरच्या तेलाच्या एअर क्लीनरमध्येही यातली पहिलीच युक्ती आहे: हवा तेलाजवळ झपकन वळते, धूळ वळत नाही, तेलात पडते. वाटीतलं काळं तेल बदलताना तळाशी बसलेला चिखल कास्तकारांनी पाहिलेला असतोच.

एकदा धूळ बसायला लागली की तो थरच गाळू लागतो. कोरा फिल्टर सुरुवातीला सगळ्यात जास्त धूळ आत सोडतो आणि मळत जाईल तसा चांगला गाळतो. फिल्टर तपासायच्या आयएसओ 5011 या मानकात सुरुवातीची कार्यक्षमता आणि एकूण कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात, ती याचसाठी. त्यामुळे दर महिन्याला फिल्टर काढून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फाडफाड हवा मारून आणण्याची आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही. बसलेला थर जातो, जोराच्या हवेने तंतू फाकतात, कधी घडीला न दिसणारी चीर जाते. दिसायला फिल्टर स्वच्छ, गाळायला आधीपेक्षा वाईट.

‘फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं’ हेही अर्धवट खरं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना ते लागू होतं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये केलेल्या चाचण्यांत फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं मायलेज चोंदलेल्या फिल्टरने जवळजवळ हललं नाही. हवा कमी आली की अशा गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पडला तो पिकअप. ओव्हरटेक करताना गाडी रेटत नसेल तर फिल्टर पाहा.

बदलायचं काम घरी होतं. इंजिन थंड होऊ द्या. बोनेटखाली जाड काळ्या पाइपला जोडलेला प्लास्टिकचा डबा असतो. त्याच्या क्लिपा सोडा, काही गाड्यांत स्क्रू असतात. (एसीचा फिल्टर वेगळा. दुकानात गाडीचं मॉडेल आणि ‘इंजिनाचा’ असं सांगूनच मागा.) जुना फिल्टर सरळ उचला, आपटू नका. इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात खडाही पडता कामा नये. खालचा डबा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. तिथे कधी तुरीचे दाणे, चिंध्या आणि कुरतडलेला कागद सापडतो: उंदरांचा संसार. अशा वेळी नवा फिल्टर बसवण्याआधी उंदीर कुठून शिरतात ते शोधा, नाहीतर तोही महिन्याभरात कुरतडला जाईल.

नवा बसवताना सगळं लक्ष कडेच्या रबरावर. ते खाचेत चारही बाजूंनी बसलंय का, बोट फिरवून पाहा. एका कोपऱ्यात केसभर फट राहिली तर हवा तिथूनच पळते आणि कागद कितीही भारी असला तरी उपयोग नाही. जुन्या फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ बाजूच्या प्लास्टिकवर मातीची रेघ दिसली तर ती नेमकी या फटीची खूण. कागदाला तेल लावू नका, धुऊ नका.

किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं, पण धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असतो. पांदण, गिट्टीचा रस्ता, खाणीकडची वाहतूक असेल तर आपला आकडा तोच. बदलल्यावर त्या दिवशी मीटरवर असलेले किलोमीटर फिल्टरच्या कडेवर मार्करने लिहून टाका. पुढच्या वेळी मिस्त्री ‘खराब झालाय’ म्हणाला की डबा उघडून आधी तो आकडा पाहता येतो.