ठाणे-बेलापूर पट्टा : विम्याच्या फाइलपासून जोखीम नोंदवहीपर्यंत

ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकात वसला, तेव्हा धोक्याचा बंदोबस्त म्हणजे आगीचा विमा, वाळूच्या बादल्या आणि कारखाना निरीक्षकाची भेट. कुंपणाबाहेरच्या वस्तीचा विचार नियमांत शिरला तो डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुगळतीनंतर. १९८६ चा पर्यावरण कायदा, १९८७ ची कारखाना अधिनियमातली दुरुस्ती आणि १९८९ चे घातक रसायन नियम हे सगळे त्यामागोमाग आले.

या नियमांनी जोखीम वजनात मोजायला लावली. क्लोरीनचा साठा १० टनांना भिडला की ऑन-साइट (कारखान्याच्या आवारापुरता) आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे त्याची रंगीत तालीम. २५ टनांना सुरक्षा अहवालही. एका टनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, साधारण ९०० किलो क्लोरीन असतो. म्हणजे अकरा टनर मर्यादेच्या आत, बारावा बाहेर. पण अकरावर थांबलेल्या कारखान्याचा धोका काही कमी होत नाही, फक्त फाइल पातळ राहते. जिथे क्लोरीन निव्वळ पाणी शुद्ध करायला लागतो, तिथे सोडियम हायपोक्लोराइटवर (द्रवरूप ब्लीचवर) गेलेले बरे.

ड्रिल फसते ती ठरलेल्या जागी. जनरल शिफ्टमध्ये, सगळ्यांना आधी कळवून ती उरकली जाते; रात्रपाळीच्या कंत्राटी कामगाराला झडप कुठली बंद करायची हेच ठाऊक नसते. असेंब्ली पॉइंट, म्हणजे बाहेर पडून जमायची जागा, गेटजवळ एकच. इथला पावसाळी वारा नैऋत्येचा, हिवाळ्यातल्या रात्री उलट जमिनीकडून येणारा. मग एकच जागा बारा महिने सुरक्षित कशी राहील? दोन जागा हव्यात, आणि आवारातून कुठूनही दिसेल असा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी.

१९९१ पासून सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला. दोष सिद्ध होण्याआधीच बाधितांना मदत मिळावी म्हणून. मूळ कायद्यात मृत्यूची रक्कम होती २५,००० रुपये!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. अशा पुरात आगीच्या पॉलिसीतून भिजलेल्या मशिनचे पैसे मिळतात, बंद पडलेल्या उत्पादनाचे नाहीत; त्यासाठी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ वेगळे घ्यावे लागते. लहान युनिटे नेमके तेच टाळतात.

शेअर बाजाराची नियामक सेबीने संचालक मंडळाची जोखीम समिती २०१५ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना, २०२१ मध्ये १,००० कंपन्यांना लागू केली. मधल्या काळात, जून २०१७ मध्ये, नोटपेट्या या सायबर हल्ल्याने जेएनपीटी (न्हावा शेवा) बंदराचे एक टर्मिनल ठप्प केले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबईसह ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. एकाच उपकेंद्रावरून घेतलेले दोन फीडर (वीजवाहिन्या) अशा वेळी एकदमच जातात. मग जनरेटरच्या टाकीत पूर्ण भारावर किती तासांचे डिझेल आहे, एवढेच उरते.