जाहिरात फाटकातून आली की गाठीतून उगवली?

"मोबाइलमध्ये व्हायरस शिरलाय, बघा की जरा."

सेलूच्या आमच्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याच्या दिवसांत दारापर्यंत रांग, आणि मधल्या वेळेत लोकांचे मोबाइल बघणं. शिरलेला असतो तो व्हायरस बहुतेक वेळा नसतोच. एक तर कुठल्यातरी वेबसाइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते, नाही तर ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवायलाच बसवलेलं ॲप. दोन्हींत होतं एकच, नको असलेली जाहिरात तोंडासमोर येते. म्हणून लोक दोन्हींवर एकच इलाज करतात आणि तो अर्ध्या वेळा वाया जातो.

शेतातलं सांगतो. सोयाबीनमध्ये सकाळी जनावरं शिरलेली दिसली, तर आधी फाटक बघायचं, रात्री कोणी उघडं ठेवलं ते. पण सोयाबीनमध्ये लव्हाळा, म्हणजे गाठीतून उगवणारं तण, दिसला तर फाटकाला कितीही कुलपं लावा, काही होत नाही. त्याची गाठ जमिनीत आहे, वरून खुरपलं तर आठ दिवसांत परत हिरवा. नोटिफिकेशन म्हणजे उघडं फाटक, ॲडवेअर म्हणजे लव्हाळा.

आता फाटक. मागच्या हंगामात वालूरकडचे एक मामा आले. फोन पुढे धरला आणि म्हणाले, "दादा, ह्येच्यात सारख्या जाहिराती यायल्यात. नेट बंद केलं की थांबतंय, चालू केलं की परत यायलंय." वरून पडदा खाली ओढला तर एकाखाली एक सतरा नोटिफिकेशनं. एकात लाल चौकोनात लिहिलेलं, तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस सापडले, लगेच साफ करा. दुसऱ्यात कर्ज मंजूर. तिसऱ्यात एक बाई हसत होती, ती काय विकत होती ते मामांसमोर वाचायला मलाच लाज वाटली.

वाचायचं ते ठळक अक्षरांत नसतं. प्रत्येक नोटिफिकेशनच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ते कोणी पाठवलं हे लिहिलेलं असतं. मामांच्या सतराही नोटिफिकेशनांवर आधी क्रोम आणि पुढे एका वेबसाइटचा पत्ता होता, अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं नुसती जोडल्यासारखा. निदान तिथेच झालं. फोनमध्ये कोणी शिरलं नव्हतं. क्रोम निरोप्याचं काम करत होता आणि निरोप बाहेरून येत होते.

परवानगी कधी दिली, हे मामांना आठवेना. मी विचारलं, भाव बघताना कुठं काही दाबलं का? मग आठवलं. सोयाबीनचा भाव शोधताना एक पान उघडलं होतं, त्यावर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा" असं होतं. मामा रोबोट नव्हते, म्हणून त्यांनी दाबलं. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, फुकट सिनेमा उतरवताना, क्रिकेटची मॅच लाइव्ह बघताना हाच डाव टाकला जातो. "अलाउ दाबा, व्हिडिओ सुरू होईल." नोटिफिकेशनच्या परवानगीचा व्हिडिओशीही संबंध नाही आणि रोबोटशीही नाही. खरी साइट ओळख पटवायला चित्रांतले सिग्नल नाही तर बसगाड्या ओळखायला लावेल, अलाउ दाबायला नाही लावणार.

ही सोय वाईट हेतूने आलेली नाही. 2015 साली क्रोमच्या 42व्या आवृत्तीत ती आली, वर्षभरात फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरनेही घेतली. बातमीची साइट तुम्ही उघडलेली नसली तरी ताजी बातमी कळावी, हा हेतू. साइटला एकदा परवानगी मिळाली की तिचा निरोप आधी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या फोनवर. म्हणून ते पान बंद केलं, टॅब पुसले, हिस्टरी साफ केली, तरी निरोप येतच राहतात. लोक इथेच गोंधळतात. "मी तर क्रोम उघडलंच नव्हतं" हे त्यांचं म्हणणं खरं असतं. पुढे उपद्रव इतका वाढला की 2020मध्ये फायरफॉक्सने परवानगीची ही विचारणा वापरणाऱ्याने काही कृती केल्याशिवाय वर येऊच द्यायची नाही असं ठरवलं, आणि क्रोमनेही फसव्या साइटींची विचारणा दाबायला सुरुवात केली. तरी साइटा रोज नव्या निघतात.

इलाज अर्ध्या मिनिटाचा. नोटिफिकेशनवर बोट दाबून धरायचं, गिअरचं चिन्ह दाबायचं, त्या साइटची पट्टी बंद करायची. नव्या फोनांत खालीच अनसबस्क्राइबचं बटणही दिसतं. एकाहून जास्त साइटा असतील तर क्रोममध्ये कोपऱ्यातली तीन टिंबं, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्यांची अख्खी यादी निघते. मामांच्या यादीत नऊ साइटा होत्या, ओळखीची एकही नाही. सगळ्या काढल्या. त्याच पानावर सगळ्यात वर एक बटण असतं, ते बंद केलं की यापुढे कुठलीही साइट विचारायलाच येत नाही. बातम्यांची नोटिफिकेशनं लागत नसतील तर मी ते बंदच करून देतो.

एक गोष्ट अजून खुपते. मामा माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथं त्यांना सांगितलं, व्हायरस आहे, फोन पूर्ण रीसेट मारावा लागेल, तीनशे रुपये. मामा पैशाला घाबरून उठले म्हणून वाचले, कारण फोनमध्ये लेकीच्या लग्नाचे फोटो होते आणि दुसरीकडे कुठंच ठेवलेले नव्हते. अँटिव्हायरस टाकूनही त्यांना काही सापडलं नसतं. सापडायला फोनमध्ये काही बसलेलंच नाही, यादीत साइटीचं नाव आहे एवढंच.

लव्हाळ्याचं प्रकरण निराळं आणि जास्त किचकट आहे.

एक पोरगी आली, बारावीची, लातूरला क्लासला असते. तिच्या फोनचं लॉक उघडलं की पूर्ण पडद्यावर जाहिरात. चार्जर लावला की जाहिरात. फोन कानाला लावताना जाहिरात. वरचा पडदा ओढला तर नोटिफिकेशन एकही नाही. तिने नेटवर बघून क्रोमची सगळी नोटिफिकेशनं आधीच बंद केली होती, त्या नादात बँकेचीसुद्धा. जाहिरातींवर त्याचा ढिम्म परिणाम नाही, कारण त्या फाटकातून येतच नव्हत्या.

अशा वेळी मी जाहिरात बंद करत नाही. ती पडद्यावर असतानाच खालचं चौकोनी बटण, म्हणजे चालू असलेल्या ॲपांची यादी दाखवणारं, ते दाबतो. जाहिरात ज्या ॲपची असते त्याचं कार्ड बहुतेक वेळा तिथं दिसतं. पोरीच्या फोनमध्ये कार्डाला नावच नव्हतं आणि चिन्हाच्या जागी पांढरा गोल. ही चोराची लक्षणं. ॲपांच्या पूर्ण यादीत शोधलं तर एक बिननावाची ओळ मिळाली. तिने महिनाभरापूर्वी पीडीएफ उघडायला एक ॲप घेतलं होतं, त्याचं चिन्ह दोन दिवसांनी होम स्क्रीनवरून गायब झालं. तिला वाटलं, आपल्याकडून डिलीट झालं असेल. चिन्ह लपवणं ही या जातीची जुनी खोड आहे.

अनइन्स्टॉलचं बटण दाबता येईना, फिकट पडलेलं. याचा अर्थ बहुतेक वेळा ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा, अधिकार घेतलाय. सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी "ॲडमिन" लिहिलं की ती यादी सापडते. तिथं त्याची खूण काढली आणि मग ते निघालं.

ते पकडायची आणखी एक चांगली जागा आहे. 2019च्या अँड्रॉइड 10पासून मागे लपलेल्या ॲपला मनाला येईल तेव्हा पडद्यावर उडी मारता येत नाही. त्यातून पळवाट काढायला बरीच ॲपं "इतर ॲप्सच्या वर दाखवा" ही परवानगी मागतात. सेटिंग्जमधल्या विशेष परवानग्यांत तिची यादी उघडून बघा. फोन कोणाचा आलाय ते दाखवणारं ॲप तिथं असलं तर समजू शकतो. टॉर्चला, कीबोर्डच्या थीमला, पीडीएफवाल्याला तिथं काय काम?

तरीही सापडत नसेल तर सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धरल्यावर पडद्यावर "पॉवर ऑफ" येतं, बऱ्याच फोनांत त्यावरच बोट दाबून ठेवलं की सेफ मोडची विचारणा होते. त्यात तुम्ही टाकलेलं एकही ॲप चालत नाही. तिथं तासभर शांतता राहिली तर दोष टाकलेल्या ॲपाचाच. मग साधा मोड चालू करून अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढत मागे जायचं.

प्ले स्टोअरवरून घेतलं म्हणजे सोवळ्यातलं, असंही धरून चालू नका. फेब्रुवारी 2020मध्ये गुगलनेच अशा त्रासदायक जाहिरातींपायी जवळपास 600 ॲपं एका झटक्यात काढली. त्याहून मासलेवाईक गोष्ट एका बारकोड स्कॅनरची. एक कोटीहून जास्त लोकांनी घेतलेलं ॲप, वर्षानुवर्षं सरळ वागलेलं. 2020च्या शेवटी त्याला एक अपडेट आलं आणि फोनमधला ब्राउझर आपोआप उघडून त्यात जाहिराती दिसायला लागल्या. मालवेअरबाइट्स या कंपनीने 2021च्या फेब्रुवारीत ते उघड केलं. लोकांनी दोष कोणाला दिला असेल? ब्राउझरला. डोळ्यांसमोर क्रोम उघडतंय म्हणजे क्रोमच बिघडलंय, असंच वाटणार. म्हणून "जाहिरात क्रोममध्ये दिसते" एवढ्यावर निदान करू नका. क्रोम तुम्ही उघडलं होतं की ते स्वतःहून उघडलं, हे विचारा. स्वतःहून उघडत असेल तर गाठ दुसऱ्याच ॲपात आहे.

बऱ्याच फोनांत दोन्ही एकत्र सापडतात आणि त्याला कारण आहे. नुसतं नोटिफिकेशन आल्याने फोनला काही होत नाही. ते दाबलं की मात्र पान उघडतं, तिथं "साफ करा" म्हणून क्लीनर ॲप टाकायला सांगतात, आणि ते क्लीनरच ॲडवेअर निघतं. उघड्या फाटकातून आलेल्या जनावराच्या खुरातून लव्हाळ्याची गाठ आली म्हणा. असा फोन आला की मी पहिल्यांदा साइटांच्या परवानग्या काढतो आणि गिऱ्हाइकाला दोन दिवस फोन वापरायला सांगतो. त्यानंतरही उरतं ते ॲडवेअर. उलट्या क्रमाने गेलं तर आपण काढलं ते बरोबर की चूक, कळत नाही. त्या पानावर कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला गेला असेल तर मात्र माझ्याकडे थांबू नका, आधी 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जाहिराती नंतर बघू.

या दोन्हींत न बसणारंही असतं. काही कंपन्यांच्या फोनांत लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि त्याखाली जाहिरात येते. ती कंपनीनेच दिलेली असते, लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून बंद होते. आणि साइट उघडी असतानाच तिच्या पानात दिसणारी जाहिरात ही त्या साइटचा धंदा आहे, पान बंद केलं की ती गेली.

कॉम्प्युटरवर फाटक तेच, लव्हाळा थोडा वेगळ्या रूपात. उजव्या कोपऱ्यात खाली "तुमचं अँटिव्हायरस संपलं" अशी चौकट येते, हुबेहूब विंडोजसारखी, पण तिच्यातही साइटचा पत्ता बारीक अक्षरांत असतोच. ॲडवेअर मात्र इथं बहुतेक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, होऊन बसतं, नाही तर फुकट सॉफ्टवेअर टाकताना न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट दाबलं की त्याच्याबरोबर येतं. ओळखायची खूण अशी: गुगलवर शोधलं आणि निकाल भलत्याच सर्च इंजिनवर उघडले, किंवा होमपेज आपोआप बदललं. नवा कोरा लॅपटॉपही यातून सुटत नाही. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं ॲडवेअर टाकून आलं होतं, 2015मध्ये त्याचा गवगवा झाला.

आमच्या दुकानातल्या पीसीवर गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह लावतात, मेल उघडतात, फॉर्म भरतात. रोज रात्री शटर ओढायच्या आधी मी त्याची नोटिफिकेशनची यादी आणि एक्स्टेंशनांची यादी उघडून बघतो. काल पहिलीत दोन नव्या साइटा निघाल्या, दुसरीत काही नाही.